दोन वर्षं जिम केली, तरी ६२ किलोच्या पोरानं पाडलं. मेहनत वाया गेली का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २२, उंची पाच फूट आठ इंच, वजन ७८ किलो. दोन वर्षं न चुकता जिम केलीस, दंड सोळा इंच झाला, बेंच प्रेसला १०० किलो मारतोस. जत्रेच्या आधी तालमीतल्या मित्रांनी आग्रह केला म्हणून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरलास. समोरच्या ६२ किलोच्या पोरानं पहिल्याच मिनिटात पट काढून, म्हणजे पाय धरून ओढून, तुला खाली घेतलं. तिसऱ्या मिनिटाला तुझे हात वर उचलेनात, बाहेर येऊन ओकलास, आणि जमलेली पोरं हसली. आता तू विचारतोस की मेहनत वाया गेली का, जिमचं अंग म्हणजे नुसता फुगा असतं का, आणि जिम सोडून तालीम धरावी का. वयानं माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मी तालमीतच वाढलो. पंधरा वर्षं मैदानं केली आणि गेली बावीस वर्षं मुलं घडवतोय. मागच्या बारा वर्षांपासून तालमीला लागूनच जिमही चालवतो. त्यामुळे लाल मातीत राबणारी पोरं आणि आरशासमोर डंबेल मारणारी पोरं, दोन्ही रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात, आणि दोघांवर माझा सारखाच जीव आहे. जे हसले त्यांचं मला वाईट वाटलं. नवखा माणूस हौद्यात उतरला की त्याला हसायचं नसतं, ही तालमीची रीत आहे.

मेहनत वाया गेलेली नाही. पण तुझी खरी अडचण 'जिम की तालीम' ही नाहीच. अंग कमावणं हे एक काम आणि ते अंग दुसऱ्या माणसाविरुद्ध वापरायला शिकणं हे दुसरं. तू पहिलं दोन वर्षं केलंस, दुसरं एक दिवसही केलेलं नाहीस. त्या पोराचा हिशेब याच्या उलटा आहे. नववी-दहावीपासून रोज पहाटे लढत करत असेल तर त्याच्या नावावर हजारभर तास जमा आहेत. घरची म्हैस, वैरणीचे भारे, उसाच्या मोळ्या हे असेल तर वेगळंच.

ताकदीचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. स्नायू जाड झाला की त्यात ताकद वाढते हे खरं आहे. पण ती ताकद बाहेर काढतो मेंदू. जिमला नवीन येणारं पोर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वजन भराभर वाढवतं, पण टेपनं मोजलं तर दंड फारसा वाढलेला नसतो. वाढतं काय, तर त्या ठरावीक हालचालीत जास्तीत जास्त स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायचं मेंदूचं शिक्षण. आणि हे शिक्षण बऱ्याच अंशी त्या हालचालीपुरतंच राहतं. बेंचवर तू पाठ टेकून झोपतोस, खाली लोखंडाचा आधार असतो, बार सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. तो तुला ढकलत नाही, मध्येच बाजूला सरकत नाही. हौद्यात पाठीला कशाचाच आधार नाही. जोर टाचेतून निघून मांडी, कंबर, पाठ असा हातापर्यंत यावा लागतो. मध्ये कंबर ढिली पडली तर दंडात कितीही जोर असो, तो समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

शिवाय तू कमावलंस काय? छाती, खांदे, दंडाची बेटकुळी. आरशात दिसणारा भाग. कुस्ती ज्यावर चालते ते बरंचसं आरशात दिसत नाही. मान, पाठ, कंबर, पुठ्ठे, पोटऱ्या, आणि मनगटाखालची पकड. जुने वस्ताद नवीन पोराचा दंड बघत नसत. मान आणि मनगट हातात धरून बघायचे आणि पाठीमागून चालताना निरखायचे. माझ्या वस्तादांनी मला पहिल्या दिवशी दोराला लटकवलं आणि 'सोडू नको' एवढंच सांगितलं. चाळीस सेकंदांत हात सुटले. त्यांनी वहीत काय लिहून ठेवलं ते मला वर्षभरानं दाखवलं. तोवर मी दोर दोनदा चढून उतरत होतो.

आता दम. तू तिसऱ्या मिनिटाला संपलास, त्याचं मुख्य कारण हेच. आपल्याकडे कन्नड बोलणारी पोरंही 'दम्मु'च म्हणतात, शब्द एकच. अगदी जोरात केलेलं काम शरीर पहिले आठ-दहा सेकंद स्नायूत साठलेल्या तयार इंधनावर करतं. तुझा बेंच प्रेसचा सेट जवळजवळ त्यातच संपतो, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती. दहा सेकंदांच्या पुढे शरीर साखर घाईघाईनं जाळतं. त्यात मिनिट-दीड मिनिट काढता येतं, पण स्नायू पेटल्यासारखे होतात आणि पकड सुटायला लागते. त्यानंतर सगळा भार प्राणवायूवर, म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर येतो. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये ३० सेकंदांची उसंत. आपल्या जत्रेतली निकाली कुस्ती तर चितपट होईपर्यंत चालायची, वीस-पंचवीस मिनिटंसुद्धा. दोन वर्षांत तू सलग तीन मिनिटं जोराचं काम एकदाही केलं नसशील, तर ती यंत्रणा उभी कधी राहणार?

यात आणखी एक गोष्ट भर घालते, आणि ती नवख्या प्रत्येक माणसात दिसते. घाबरून तो श्वास कोंडतो आणि अंगातले सगळे स्नायू एकदम आवळून ठेवतो. लागणारे पाच, आवळलेले पन्नास. तुझ्यासारख्या भरलेल्या अंगाला ते जास्तच महागात पडतं, कारण मोठा स्नायू आवळून धरला की तो इंधनही मोठ्या मापानं खातो. ते ६२ किलोचं पोर खडाखडीत, म्हणजे उभ्या झटापटीत, जवळजवळ ढिलं उभं असेल, आठवून बघ. हात तुझ्या मानेवर, कपाळ तुझ्या कानशिलाला, आणि वजन हळूच तुझ्यावर टाकलेलं. तू त्याचं वजन मानेवर झेलत होतास आणि तो तुझ्या जिवावर विश्रांती घेत होता. पट काढला त्या एका क्षणापुरता त्यानं जोर लावला. ओकारीची लाज धरू नकोस. एवढ्या ताणात रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, त्यात आधी काही खाल्लेलं असेल तर ते बाहेर येतंच. मात्र छातीत दुखलं असेल, डोळ्यांसमोर अंधारी आली असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर तालमीत पाय ठेवण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी करून घे. यात हयगय नको.

तिसरी गोष्ट शब्दांत सांगायला अवघड आहे. आम्ही तिला 'हाताला कळणं' म्हणतो. समोरच्यानं पुढच्या पायावर वजन टाकलं की ते तुझ्या तळहाताला डोळ्यांच्या आधी कळलं पाहिजे. बगलडूब, म्हणजे समोरच्याच्या बगलेखालून घुसून मागे जायचा डाव, मारायला जागा अर्ध्या सेकंदापुरतीच मिळते. विचार करून डाव टाकायला गेलास तर ती निघून गेलेली असते. कुठल्याही यंत्रावर हे येत नाही. वेगवेगळ्या अंगाच्या, वेगवेगळ्या खोडीच्या माणसांशी लढती कराव्या लागतात.

मी स्वतः यात एकदा मोठी चूक केली, ती सांगतो. जिम सुरू केली त्या पहिल्याच वर्षी मला वाटलं, आता पोरांना दुप्पट ताकदवान करू. जत्रांच्या हंगामाआधी तीन महिने चांगल्या पाच पोरांच्या लढती कमी केल्या आणि त्यांना शरीरसौष्ठवाच्या पद्धतीनं मेहनत दिली. एक दिवस छाती, एक दिवस पाठ, असं. पोरं काय दिसायला लागली! चार-पाच किलो वजन वाढलं, घरचे खूश, मीही खूश. मैदानात पाचापैकी चौघं हरली, आणि तीही आदल्या वर्षी ज्यांना सहज पाडलं होतं त्याच मल्लांकडून. त्यातला एक गोकाककडच्या मल्लाशी बारा मिनिटं लढला आणि खाली बसून म्हणाला, "वस्ताद, हात माझं न्हवंच वाटालेत." ते वाक्य मी विसरलेलो नाही. पोरांचा दोष शून्य होता. मी त्यांचं वजन वाढवलं, पण ते वजन घेऊन लढायची सवय दिली नाही. पुढच्या वर्षी लढती पूर्ववत ठेवल्या, जिम आठवड्यातून दोनच दिवस दिली, तीही उचलणं-ओढणं-वाहून नेणं एवढीच. तीच पोरं, त्याच वाढलेल्या वजनानिशी, चांगली लढली.

म्हणून 'जिमचं अंग म्हणजे फुगा' असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करतो. वजन आणि ताकद यांना काही किंमत नसती तर कुस्तीत वजनगट कशाला केले असते? ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला आज ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत सहा गट आहेत, ते उगाच नाहीत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. तेवढ्या अंगात चपळाई आणि डाव किती भरता येतात ते त्यांनी दाखवलं, पण त्यांच्या समोरचेही त्याच वजनाचे होते. कसब सारखं असेल तर जड आणि ताकदवान माणूस बहुतेक वेळा जिंकतो. आणि पीळदार अंग आणि कुस्ती यांचं वैर आपल्या मातीत कधीच नव्हतं. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. त्यांचे जुने फोटो बघ, छाती कशी आहे ती. फरक इतकाच की ते अंग जोर-बैठका आणि लढती यांतून आलेलं होतं, म्हणून ते लढतीला उपयोगी होतं. तू वर्षभर नीट तालीम केलीस तर हेच ७८ किलो त्या पोराला जड जाणार आहेत.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांबद्दलही आपल्या भागात वेडं प्रेम आहे, आणि मला त्या मुलांच्या शिस्तीचा आदर आहे. पण एक लक्षात घे. मंचावर जे दिसतं ते आठ-दहा आठवडे खाणं तोडून, शेवटच्या दिवसांत पाणी-मीठ कमीजास्त करून आणलेलं रूप असतं. मंचावर उभं राहिलेल्या पोरांनीच मला सांगितलंय की त्या दिवशी जिना चढताना पाय थरथरतात. फोटो बघून 'हा किती भारी लढत असेल' असा अंदाज बांधू नये, तसाच पोट सुटलेला पैलवान बघून 'हा काय लढणार' असंही म्हणू नये.

आणि इथे थोडं थांबून कळकळीनं सांगतो. हरल्याच्या रागात पोरं जे करतात ते तू करू नकोस. कुणीतरी सांगेल, 'सहा आठवड्यांचा कोर्स मार, सुया घे, सगळे गार होतील.' अशा औषधांनी स्नायू लवकर फुगतात, पण स्नायूबंध त्या वेगानं मजबूत होत नाहीत, आणि मग झटक्यात छातीचा किंवा दंडाचा स्नायू तुटतो. हृदयाची भिंत जाड होते, रक्त घट्ट होतं, शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतं. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून माझ्याकडे रडत आलेला एक तरुण मी पाहिलाय. विशीत दोन वर्षं सुया घेतल्या होत्या. त्याच्या बायकोला तोवर हे माहीतच नव्हतं. डब्यातल्या पावडरीही डोळे झाकून घेऊ नकोस, भेसळ होते. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण १२०-१२५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. लिटरभर दूध, चार अंडी, हुलगे किंवा हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे, डाळ, आणि घरात चालत असेल तर चिकन-मासे, यात ती बसतात. खुराक महाग हवा असं काही नाही.

पुढे काय करावं, हे तुला नेमकं काय हवंय त्यावर ठरेल, आणि ते तू प्रश्नात लिहिलेलं नाहीस. नुसतं चांगलं दिसायचं असेल तर आहे तेच चालू ठेव. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त धावण्याची जोड दे. सैन्यभरतीचा विचार असेल तर गणित वेगळं. तिथे १६०० मीटर धाव, बीम म्हणजे आडव्या दांडीवरचे पुल-अप्स, नऊ फुटी खंदक आणि झिगझॅग तोल बघतात. वेळेच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्याव्यात. मराठा सेंटरच्या, म्हणजे बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या, स्वप्नानं माझ्याकडे येणारी मोठ्या दंडाची पोरं धावेत मागे पडतात आणि बीमला सहा-सातवर अडकतात, कारण वरचं वजन त्यांना स्वतःलाच ओढायचं असतं. आणि रस्त्यावरच्या मारामारीसाठी विचारत असशील, तर त्याबद्दल मी शिकवत नाही. तिथे खाली माती नसते, डांबर असतं. डोकं आपटलं की माणूस मरतो, समोरच्याच्या खिशात काय आहे ते कळत नाही, आणि एका गुन्ह्यानं नोकरीची दारं बंद होतात. तिथून निघून जाणाऱ्या पोराला मी जास्त मानतो.

पण तुझ्या लिहिण्याच्या सुरावरून मला वाटतं की तुला त्या हौद्यातच परत उतरायचंय. तर जिम सोडू नकोस, आठवड्यातून दोन दिवसांवर आण. त्यात स्क्वॉट, डेडलिफ्ट, बारला टॉवेल गुंडाळून पुल-अप्स, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन लांब चालणं. शेतात ५० किलोचं पोतं असेल तर ते छातीशी कवटाळून चाल, त्यासारखा कंबरेचा व्यायाम नाही. दंडाचे वेगळे सेट सध्या बंद. तीन दिवस पहाटे तालीम. सुरुवातीला पंधरा दिवस लढत मागूच नकोस. पडायला शीक, मान खाली घालून लोळायला शीक. मानेचा पूल, म्हणजे डोकं टेकून अंग कमानीसारखं उचलणं, हळूहळू कर, आधी हातांचा आधार घेऊन, घाई केलीस तर मणका दुखावेल. जोर-बैठका शंभरापासून सुरू कर, श्वास मोजत. रविवारी एकदा चाळीस मिनिटं, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं पळ किंवा चढ चाल. तुला जवळ पडत असेल तर राजहंसगडाची चढण उत्तम. एक दिवस पूर्ण आराम, आणि तो आराम खरंच घे.

तू उद्यमबागेत किंवा मच्छेत एखाद्या कारखान्यात पाळीत काम करतोस का, हे मला माहीत नाही. रात्रपाळी असेल, फाउंड्रीत उभं राहून काम असेल, तर तीनऐवजी दोनच दिवस तालीम धर आणि झोप सात तासांखाली जाऊ देऊ नकोस. थकलेल्या अंगानं लढत केली की गुडघा आणि खांदा जातो, हे मी फार वेळा पाहिलंय.

किती दिवस लागतील? माझ्या पाहण्यात तुझ्या वयाच्या पोराला दम साधारण तीन महिन्यांत येतो. प्रगती मोजायला दंडाला टेप लावू नकोस. एक वही कर. तीन मिनिटांच्या लढतीनंतर नाडी किती, आणि मिनिटभर बसल्यावर किती खाली आली, हे दर शनिवारी लिही. दोराला किती सेकंद लटकलास, तेही लिही. डाव हाताला कळायला मात्र वर्ष-दीड वर्ष द्यावं लागेल, तिथे जवळची वाट मला सापडलेली नाही.

सोमवारी पहाटे पाचला तालमीत जा. रिकाम्या पोटी जा, नखं कापून जा, स्वतःचा लंगोट आणि टॉवेल वेगळा ठेव, नाहीतर गजकर्ण घेऊन घरी येशील. खांद्याला जुनी काही दुखापत असेल तर वस्तादांना आधीच सांग. आणि ज्या पोरानं तुला पाडलं त्यालाच सांग, "मला पट शिकव की, मी तुला डेडलिफ्ट शिकवतो." त्याला जड अंगाशी लढायचा सराव हवाच असणार. तीन महिन्यांनी वहीतले आकडे मला कळव, मी वाट बघतो.